चाहूल, हूल आणि चकवा : अदृश्य युद्धाची मराठी

युद्ध हा विषय मराठी वाङ्मयाला कधीच परका नव्हता. बखर, पोवाडा आणि ऐतिहासिक कादंबरी या तिन्ही प्रकारांनी रणांगणाचे वर्णन करण्याची एक समृद्ध भाषा घडवली, आणि ती आजही आपल्या ओठांवर आहे. आघाडी, पिछाडी, वेढा, खिंड लढवणे, पानिपत होणे, हे शब्दप्रयोग आपण निवडणुकीच्या बातम्यांपासून साहित्य संमेलनाच्या वादांपर्यंत सर्वत्र वापरतो. परंतु गेल्या ऐंशी वर्षांत युद्धाचे जे अंग सर्वांत वेगाने वाढले, त्याच्याविषयी आपले गद्य जवळजवळ मुके आहे. ते अंग म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींचे युद्ध. इंग्रजी संज्ञेनुसार त्याला इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर म्हणतात, आणि लढाऊ विमानातील ज्या उपकरणांच्या आधारे ते लढले जाते, त्या समूहाला एव्हिऑनिक्स.

साहित्याची चर्चा करणाऱ्या या पानांवर हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे, की हा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे तितकाच भाषेचाही आहे. ज्या गोष्टीवर समाज हजारो कोटी रुपये खर्च करतो, जिच्यात त्याची मुले नोकरी करतात आणि जिच्या उणिवेमुळे त्याची माणसे मरतात, त्या गोष्टीविषयी त्या समाजाच्या भाषेत चार सलग, समजण्याजोगी वाक्ये नसतील, तर त्या समाजाजवळ फक्त घोषणा उरतात. मे २०२५ मधील चार दिवसांच्या भारत-पाक संघर्षात आपल्या वृत्तवाहिन्यांनी जी मराठी वापरली, ती घोडदळाची होती. मुसंडी मारली, धूळ चारली, कंबरडे मोडले. प्रत्यक्षात ७ मे रोजीची हवाई चकमक बव्हंशी दोन्ही बाजूंच्या विमानांनी आपापल्या हद्दीत राहून, नजरेच्या टप्प्यापलीकडून लढली, असे वृत्तांत जगभर प्रसिद्ध झाले. संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापूर येथे भारतानेही विमाने गमावल्याचे मान्य केले, आणि संख्येपेक्षा ती का पडली हे महत्त्वाचे आहे, अशा आशयाची भूमिका मांडली. त्या 'का'वर मराठीत काय लिहिले गेले? आमच्या वाचनात तरी फारच थोडे आले.

आम्ही हे गोंदिया जिल्ह्यातून लिहीत आहोत, आणि या विषयाशी आमच्या भूमीचा संबंध दूरचा असला तरी खोटा नाही. या जिल्ह्यात लढाऊ विमानांची उपकरणे बनवणारा कारखाना नाही. मात्र गोंदिया शहराजवळच्या बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतील वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालणाऱ्या तिच्या छोट्या डायमंड विमानांत काट्यांची घड्याळे जाऊन संगणकीय पडदे आले आहेत. एव्हिऑनिक्स या शब्दाचा अर्थ पाहायचा तर तो तिथे समोर दिसतो. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. पश्चिमेला नागपूर येथे वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमानांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या विभागाचे मुख्यालय आहे. आणि महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकजवळ ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना व वायुदलाचे ११ क्रमांकाचे दुरुस्ती केंद्र आहे.

जवाहरनगरच्या निर्माणीविषयी आमच्या भागात बोलायला शब्द आहेत, कारण बारूद शरीराला कळते. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्यू पावले; तो आवाज परिसरातील गावांनी ऐकला आणि त्या मृत्यूंना नावे होती. ओझरचे काम तसे नाही. १९६० च्या दशकात मिग-२१ च्या निर्मितीपासून सुरू झालेल्या त्या कारखान्यातून पुढे मिग-२७ आली, २००४ पासून सुखोई-३० एमकेआय बाहेर पडू लागली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे जोडलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने उड्डाण केले. साठ वर्षे मराठी कामगारांनी या विमानांच्या पोटात तारा ओवल्या, पेट्या बसवल्या, चाचण्या घेतल्या. गिरणी कामगारावर मराठीत कविता आहे, कादंबरी आहे, नाटक आहे. लढाऊ विमानाच्या तारा तपासणाऱ्या माणसाचे अंतरंग आपल्या साहित्यात कुठे आहे?

या मौनावर एक सोपा पडदा टाकला जातो, तो नामकरणाचा. आपल्या संरक्षण संशोधन संस्थांनी घडवलेल्या उपकरणांची नावे पाहावीत. शत्रूच्या रडारची सूचना देणारे 'तरंग', तेजससाठीची 'मायावी', सैन्यदलाची 'संयुक्ता', पर्वतीय क्षेत्रासाठीची 'हिमशक्ती', 'उत्तम' रडार, आकाशातून टेहळणी करणारे 'नेत्र', आणि अलीकडचे 'स्वयंरक्षा कवच'. सुखोईच्या संगणकांच्या स्वदेशीकरणाचा प्रकल्प 'वेट्रिवेल' या तमिळ नावाने ओळखला गेला. वेट्रिवेल म्हणजे मुरुगनाचा विजयी भाला. नावे सुंदर आहेत. त्यांतील 'मायावी' हे तर नेमकेही आहे, कारण ढगाआड अदृश्य राहून लढणारा इंद्रजित आणि रात्रीच्या अंधारात मायायुद्ध करणारा घटोत्कच यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण पौराणिक नावाचा एक दुष्परिणाम असा, की ते वस्तूला प्रश्नांच्या पलीकडे नेऊन ठेवते. मायेला वजन नसते, तिला वीज लागत नाही, ती तापत नाही, तिला मुदत आणि अंदाजपत्रक नसते. उपकरणाला हे सारे असते. मायावी हा शब्द ऐकून आपण हात जोडतो. पेटी म्हटले, की ती किती जड आहे, कुठे बसवणार आणि चालते का, असे विचारता येते.

आमचे म्हणणे असे, की या युद्धाविषयी बोलण्यासाठी मराठीला नवे शब्द पाडण्याची फारशी गरज नाही. या युद्धाच्या मूळ क्रिया ऐकण्याच्या, लपण्याच्या आणि फसवण्याच्या आहेत, आणि रानावनात, शेतशिवारात वाढलेल्या भाषेजवळ अशा क्रियांचे शब्द विपुल असतात. कानोसा, चाहूल, गलका, हूल, चकवा आणि परवल, या सहा शब्दांत हा सारा विषय मावतो. ते कसे, हे थोडे तपशिलात पाहू.

पहिला शब्द कानोसा. प्रत्येक रडार विशिष्ट पद्धतीने स्पंद सोडते. त्याची कंप्रता, प्रत्येक स्पंदाची लांबी, दोन स्पंदांमधील अंतर, आणि झोत फिरवण्याची लय, या चार गोष्टींवरून ते रडार कोणते, हे ओळखता येते; जसे रातकिडा, बेडूक आणि टिटवी यांचे आवाज अंधारातही वेगळे कळतात. शांततेच्या काळात सीमेच्या अलीकडून, विमानांतून, जहाजांतून आणि जमिनीवरील केंद्रांतून हे आवाज टिपणे चालू असते. हे काम चिवट आणि कंटाळवाणे आहे, त्यात शौर्याचा प्रसंग क्वचितच येतो. शिवकाळाविषयी लिहिताना आपण बहिर्जी नाईकांचे नाव आदराने घेतो, पण कादंबरीतील पाने तलवारीच्याच वाट्याला जातात. कानोसा घेणाऱ्याची उपेक्षा करण्याची आपली सवय जुनी आहे.

दुसरा शब्द चाहूल. लढाऊ विमानात रडारची सूचना देणारा एक ग्राहक असतो. शत्रूच्या रडारचा झोत विमानावर पडला, की तो वैमानिकाला दिशा आणि धोक्याचा प्रकार कळवतो. सुखोईवरील 'तरंग' हे याच जातीचे उपकरण. ते काम कसे करते हे नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या गावात राहणाऱ्या कोणासही समजेल. काळोखात बॅटरी घेऊन चालणाऱ्या माणसाला तिच्या उजेडात काही पावलांपर्यंतच दिसते, पण तो स्वतः मात्र पार दुसऱ्या टोकावरून दिसतो. त्याच्या उजेडाला जाऊन परत यावे लागते, आपल्याला तो एकदाच गाठावा लागतो. रडारचेही तसेच. परतीच्या प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते, तर एकेरी जाणाऱ्या लहरीची केवळ वर्गाने. म्हणून शोधणाऱ्याला दिसण्यापूर्वी ज्याचा शोध चालला आहे त्याला चाहूल लागू शकते. या एका असमतेवर वैमानिकाचे प्राण अवलंबून असतात.

चाहूल लागल्यावर पुढे दोन वाटा आहेत. एक गलक्याची, म्हणजे जॅमरने त्याच कंप्रतेवर इतका गोंगाट करावा की खरा प्रतिध्वनी त्यात बुडून जावा. हा उपाय ढोबळ आहे. विमान रडारच्या पुरेसे जवळ आले, की प्रतिध्वनी गोंगाटावर मात करतो आणि विमान उघडे पडते. शिवाय जो ओरडतो तो आपला ठावठिकाणा सांगतो, आणि ओरडत असताना त्याला स्वतःलाही नीट ऐकू येत नाही. एकाच विमानातील जॅमर आणि चाहूल देणारा ग्राहक यांच्यात हा तंटा कायमचा असतो. दोघांच्या वेळा सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशांत जुळवून द्याव्या लागतात. विकासकांची कित्येक वर्षे असल्या भांडणांच्या निवाड्यात जातात, हे बाहेर फारसे कोणाला कळत नाही.

दुसरी वाट हूल आणि चकव्याची. शत्रूच्या रडारचा स्पंद पकडून साठवायचा, त्याची हुबेहूब नक्कल करून परत पाठवायची, आणि दर वेळी किंचित उशीर वाढवत न्यायचा. रडारला वाटते, विमान हळूहळू दूर चालले आहे. त्याचे लक्ष त्या खोट्या विमानामागे गेले, की नक्कल बंद करायची. मग त्याच्या हाती काहीच राहत नाही. रानात चकवा लागलेला माणूस ओळखीच्या वाटेनेच चालत असतो, असे जुनी माणसे सांगतात. अनोळखी वाटेवर तो सावध असतो. फसतो तो ओळखीच्या खुणांनी. इलेक्ट्रॉनिक फसवणुकीचे वर्म हेच आहे. ती शत्रूच्या विश्वासाची नक्कल करते.

इथवर आलेल्या वाचकाच्या लक्षात आले असेल, की हा सगळा व्यवहार वाचनाचा आहे. कोणी खूण पाठवतो, कोणी ती वाचतो, कोणी तिच्यासारखी दुसरी खूण तयार करून वाचणाऱ्याला भलत्या अर्थाकडे नेतो. आणि वाचायचे म्हटले, की कोश लागतो. ऐकलेला स्पंद कोणाचा, हे ठरवण्यासाठी विमानातील ग्राहक आपल्या स्मृतीतील यादी चाळतो. त्या यादीला या व्यवसायात लायब्ररी म्हणतात. प्रत्यक्षात ती शत्रूच्या आवाजांचा शब्दकोश असते. ज्या रडारची नोंद कोशात नाही, त्याचा आवाज ऐकू आला तरी अर्थ लागत नाही. चुकीची नोंद असेल, तर मित्र शत्रू ठरतो आणि शत्रू निरुपद्रवी.

स्वदेशीच्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आम्हांस इथे दिसतो. पेटी कुठे बनली, हा दुय्यम प्रश्न आहे. कोशाचा संपादक कोण, हा मुख्य. परदेशी उपकरण त्याच्या मालकाने भरून दिलेल्या कोशासह आले, आणि त्यात नवी नोंद करण्यासाठी दर वेळी त्याच मालकाच्या दाराशी जावे लागले, तर आपले कान दुसऱ्याच्या हाती राहतात. विक्रेत्याने ज्यांना रडारे विकली आहेत, त्यांच्या नोंदी तो कितपत प्रामाणिकपणे देईल? बंगळूरच्या 'डेअर' या संस्थेचे, म्हणजे डिफेन्स एव्हिऑनिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचे महत्त्व या दृष्टीने पाहावे लागते. १९८६ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेली ही संस्था २००१ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. 'तरंग' तिचेच काम, आणि सुखोईचे मिशन संगणकही. रशियन विमानात भारतीय संगणक बसवणे म्हणजे निव्वळ काही पैसे वाचवणे नव्हते. विमानाने काय ऐकावे, काय ओळखावे आणि वैमानिकाला काय सांगावे, हे स्वतः लिहिण्याचा तो अधिकार होता. हैदराबादची 'डीएलआरएल' ही प्रयोगशाळा याच क्षेत्रात १९६० च्या दशकारंभापासून काम करते आहे.

झाडीबोलीच्या मुलुखात राहणाऱ्यांना हे सांगावे लागू नये. आमच्या बोलीतले शब्द प्रमाण मराठीच्या कोशांत नव्हते, तेव्हा ते 'अशुद्ध' ठरत. वर्गात मुलाने ते उच्चारले, की ऐकू येऊनही त्यांचा अर्थ लागत नसे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आणि झाडीबोलीच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी शब्द गोळा केले, कोश रचला, तेव्हा तीच बोली अभ्यासाचा विषय झाली. कोश करणारा माणूस कोणाचा आवाज अर्थपूर्ण मानायचा, हे ठरवत असतो. भाषेत हे जितके खरे आहे तितकेच आकाशात.

आता उणिवेकडे वळू, कारण कौतुकाचा मजकूर सरकारी पत्रकांत भरपूर मिळतो. तेजस प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले, आणि वायुदलाच्या तुकडीत ते १ जुलै २०१६ रोजी दाखल झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेसमोर आला होता. मार्क १ विमानाला मूळ अपेक्षांतून ५३ सवलती द्याव्या लागल्या, असे त्यात नमूद होते. त्यांत आमच्या विषयाशी थेट संबंधित गोष्ट अशी, की स्वसंरक्षणाचा जॅमर विमानात जागा नसल्यामुळे बसवता आला नाही, आणि चाहूल देणाऱ्या ग्राहकाच्या कामगिरीविषयीही शंका होत्या. 'जागा नाही' हे दोन शब्द मायेच्या भाषेत लिहिता येत नाहीत. छोटे विमान, त्यात इंधन, रडार, संगणक, थंडावा देणारी यंत्रणा, आणि त्या दाटीत आणखी एका तापणाऱ्या पेटीला ठाव हवा. मार्क १ए मध्ये हा प्रश्न पंखाखाली टांगायच्या इस्रायली पॉडने सोडवण्याचे ठरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा. या दुसऱ्या करारातील विमानांवर 'उत्तम' रडार आणि 'स्वयंरक्षा कवच' बसवण्याचे नियोजन जाहीर झाले आहे. हे नियोजन वेळेत आणि पूर्णत्वाने उतरते की नाही, हे नागरिकांनी विचारावे. मात्र विचारण्यासाठी त्यांना 'जॅमर' म्हणजे काय आणि 'जागा नाही' याचा अर्थ वैमानिकासाठी काय, हे आपल्या भाषेत कळले पाहिजे.

सहावा शब्द परवल. गडाच्या दरवाजावर रात्री आलेल्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. उत्तर चुकले, की आत प्रवेश नाही, कधी थेट भाला. विमानात हेच काम मित्र-शत्रू ओळख यंत्रणा करते. जमिनीवरून प्रश्नाचा स्पंद जातो, विमान सांकेतिक उत्तर देते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटनंतरच्या सकाळी, काश्मीरमध्ये बडगाम येथे वायुदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले. सहा वायुसैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक मरण पावले. सहांमध्ये नाशिकचा एक तरुण स्क्वॉड्रन लीडर होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वायुदलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. हेलिकॉप्टरची ओळख यंत्रणा बंद होती, आणि जमिनीवरील समन्वय चुकला, असे चौकशीच्या आधारे प्रसिद्ध झाले.

संस्कृत साहित्य शिकवणाऱ्याला इथे 'अभिज्ञान' हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. कालिदासाने आपल्या नाटकाच्या नावातच तो ठेवला. अंगठी हरवते आणि राजा आपल्याच माणसाला ओळखत नाही. खूण नसली, की नाते असूनही नसल्यासारखे होते. नाटकात अंगठी माशाच्या पोटातून परत मिळते आणि चूक दुरुस्त होते. बडगामच्या आकाशात तशी सोय नव्हती. ओळखीची खूण वेळेवर मिळाली नाही, आणि काही क्षणांत सात माणसे गेली. वर्गात अभिज्ञान शिकवताना हे उदाहरण दिले, तर कालिदास लहान होत नाही. ओळख नावाच्या गोष्टीचे मोल मात्र विद्यार्थ्याला आजच्या अंगाने कळते.

आमच्या प्रतिपादनावर तीन आक्षेप येतील. पहिला गोपनीयतेचा. हा विषय गुप्त असतो, मग त्यावर लिहायचे कसे? गुप्तता कशाची आणि किती, हे पाहिले पाहिजे. कोशातील नोंदी गुप्त असतात आणि असाव्यात. कोश म्हणजे काय, हे गुप्त नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारला फसवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आकाशात सोडण्याची युक्ती इंग्रजांना आणि जर्मनांना, दोघांनाही, वापरण्याच्या आधीपासून ठाऊक होती. आपण वापरली तर शत्रू उचलेल, या भीतीने दोघांनीही ती दडवून ठेवली. अखेर जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील हल्ल्यात इंग्रजांनी ती वापरली. पट्टीची लांबी शत्रूच्या रडारच्या लहरीच्या सुमारे निम्मी ठेवली, की ती मोठा प्रतिध्वनी देते. पदार्थविज्ञान दोन्हीकडे एकच असते. दडवलेले पुष्कळदा फक्त स्वकीयांपासून दडलेले राहते. आपल्याकडे लेखापरीक्षकांचा अहवाल संसदेच्या पटलावर येतो, तो कोणीही वाचू शकतो. मराठीत तो कोणी समजावून सांगत नाही, याला गोपनीयता म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप, असले विषय इंग्रजीतच बरे. शिवकाळात रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला, त्यात शस्त्रवर्ग आहे, चतुरंगवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे. राज्य चालवायचे तर शस्त्रांचे शब्द आपल्या भाषेत हवेत, ही जाण साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. त्यातले सगळे संस्कृत पर्याय रुळले नाहीत, लोक तोफेला तोफ आणि बंदुकीला बंदूकच म्हणत राहिले, हेही तितकेच शिकण्यासारखे आहे. म्हणून रडारला रडार आणि जॅमरला जॅमर म्हणावे. क्रियापदे आणि वाक्ये मराठी असावीत. अवघड विषय मराठीत लिहिता येतो, हे जयंत नारळीकरांनी आयुष्यभर सिद्ध केले. युद्धाचा गंभीर, स्वकीयांच्या चुका न लपवणारा इतिहास मराठीत लिहिता येतो, हे मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ वरील 'न सांगण्याजोगी गोष्ट' या पुस्तकाने दाखवले. वाट आहे, चालणारे कमी आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. साहित्याने संहाराच्या यंत्रांची ओळख करून देणे म्हणजे त्यांचे गौरवीकरण नव्हे काय? आमच्या मते गौरवीकरण अज्ञानातून अधिक होते. ज्याला यंत्र ठाऊक नाही, त्याला युद्ध हा पडद्यावरचा खेळ वाटतो. जॅमर चालला तर आपला वैमानिक परत येतो, आणि तोच जॅमर शत्रूच्या गावावर जाणाऱ्या बाँबफेकीचीही वाट मोकळी करतो. हॅम्बुर्गच्या त्या पट्ट्यांनी इंग्रज वैमानिक वाचवले आणि त्याच आठवड्यात त्या शहरात हजारो नागरिक जळून मेले. ही दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात लिहिण्याची ताकद अंदाजपत्रकात नसते, वीरगीतातही नसते. ती गद्य साहित्यात असते. युद्धाला विरोध करणाऱ्यालाही त्याची नेमकी भाषा लागते.

म्हणून मराठी विभागांतील मित्रांस एक विनंती. ओझर, नागपूर, पुणे, बंगळूर येथून निवृत्त झालेली, या उपकरणांवर हयात घालवलेली माणसे आपल्या गावांत परतली आहेत. त्यांना गुपिते विचारू नयेत. त्यांना हात, डोळे आणि दिवस विचारावेत : पाळी कशी असे, चाचणी फसली की काय होई, एखादे विमान परत आले नाही अशी बातमी आली, की कामाच्या जागी कोण काय बोले. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाले. ज्यांनी ते ओझरला जोडले, त्या पिढीतील अनेक जण आज ऐंशीच्या पुढे आहेत. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी दर वर्षी तेच तेच दहा कादंबरीकार निवडण्याऐवजी दोन विद्यार्थ्यांनी जरी अशी दोन कथने नोंदवली, आणि ती ज्या बोलीत सांगितली गेली त्याच बोलीत ठेवली, तरी या विषयाचे मराठी गद्य सुरू होईल. या पानांवर अशा कथनांना जागा मिळावी, अशी सूचना आम्ही आमच्या सहलेखकांपुढे ठेवीत आहोत.